विश्लेषण : ‘गेम बॉय’ घडवणारे गुनपेई योकोई कोण होते? जुन्या, स्वस्त तंत्रज्ञानाने त्यांनी बाजी कशी मारली?

भारनियमनात पेन्सिल सेलवर चालणारा ब्रिक गेम आणि वीज आली की टीव्हीला जोडायचा कॅसेटवाला व्हिडिओ गेम, ही नव्वदच्या दशकात वाढलेल्या पिढीची आठवण. तेच जुने गेम आता मोबाइलवर पुन्हा खेळले जातात. हातात मावणाऱ्या गेमची वाट ज्यांनी पाडली, त्यांतले मोठे नाव म्हणजे जपानी अभियंते गुनपेई योकोई.

सुरुवात कुठून झाली?

योकोई यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ रोजी क्योटोत झाला. इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण घेऊन ते १९६५ मध्ये निन्टेन्डोत लागले. ही कंपनी तेव्हा पत्ते बनवत असे आणि योकोई यांच्याकडे यंत्रांच्या देखभालीचे काम होते. रिकाम्या वेळी त्यांनी लांबवर जाऊन वस्तू पकडणारा एक खेळण्यातला हात बनवला. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी तो पाहिला आणि बाजारात आणायला सांगितले. १९६६ मधील या ‘अल्ट्रा हँड’ची विक्री १० लाखांच्या पुढे गेली आणि योकोई खेळणी घडवण्याच्या कामाला लागले.

कॅल्क्युलेटरमधून गेम कसा आला?

बुलेट ट्रेनमध्ये एक प्रवासी वेळ घालवण्यासाठी कॅल्क्युलेटरची बटणे दाबत बसलेला त्यांनी पाहिला. तोवर स्पर्धेमुळे कॅल्क्युलेटरचे सुटे भाग आणि एलसीडी पडदे स्वस्त झाले होते. त्यांपासूनच १९८० मध्ये खिशात मावणारा ‘गेम अँड वॉच’ तयार झाला. त्यात खेळ होता आणि घड्याळही. त्याचे ४ कोटींहून अधिक नग विकले गेले.

१९८२ मध्ये याच मालिकेतील ‘डाँकी काँग’साठी त्यांनी अधिकच्या चिन्हासारखे बटण बनवले. एका अंगठ्याने चारही दिशा सांभाळता येऊ लागल्या. आपल्याकडच्या कॅसेटवाल्या गेमच्या रिमोटवर डावीकडे असायचे, ते हेच बटण.

‘गेम बॉय’ का जिंकला?

१९८९ मध्ये योकोई, सतोरू ओकादा आणि सहकाऱ्यांचा ‘गेम बॉय’ आला. पडदा रंगीत नव्हता, त्यामागे दिवाही नव्हता. त्याच वर्षी आलेल्या अटारीच्या ‘लिंक्स’चा आणि पुढच्या वर्षीच्या सेगाच्या ‘गेम गिअर’चा पडदा रंगीत आणि उजळ होता. पण त्यांना ६ सेल लागत आणि ते काही तासांत संपत. ‘गेम बॉय’ ४ सेलवर १० तासांहून अधिक चाले. अमेरिकेत ‘लिंक्स’ची किंमत त्याच्या जवळपास दुप्पट होती. शिवाय तिथे ‘गेम बॉय’सोबत ‘टेट्रिस’ मिळत असे. रंगीत आवृत्तीसह ‘गेम बॉय’ची विक्री ११ कोटी ८० लाखांवर गेली.

अपयश कोणते?

१९९५ मध्ये आलेला ‘व्हर्च्युअल बॉय’. लाल-काळे चित्र, डोळ्यांवर येणारा ताण आणि मोजकेच गेम यांमुळे ग्राहकांनी पाठ फिरवली. ८ लाख नगांचा टप्पाही न गाठता वर्षभरात तो बंद झाला. ऑगस्ट १९९६ मध्ये, ३१ वर्षांच्या नोकरीनंतर, योकोई निन्टेन्डोतून बाहेर पडले आणि त्यांनी ‘कोटो’ ही कंपनी काढली. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी महामार्गावर त्यांच्या गाडीला अपघात झाला. गाडीतून उतरल्यावर त्यांना दुसऱ्या वाहनाची धडक बसली. वय होते ५६. त्यांचा सहभाग असलेला बंदाई कंपनीचा ‘वंडरस्वान’ १९९९ मध्ये बाजारात आला. तो एकाच पेन्सिल सेलवर चालत असे.

आज त्यांचे महत्त्व काय?

सर्वांना माहीत असलेले, स्वस्त झालेले तंत्रज्ञान घ्यायचे आणि त्याचा कुणाला न सुचलेला उपयोग शोधायचा, हे योकोई यांचे सूत्र होते. नवा फोन घेताना आपण कॅमेरा आणि प्रोसेसरचे आकडे पाहतो. पण तोरणमाळच्या घाटात नेटवर्क गेले, की महागड्या फोनवरचाही ऑनलाइन गेम अडकतो. अशा वेळी बॅटरी किती टिकते आणि नेटशिवाय काय चालते, हेच कामाला येते. योकोई यांनी वस्तू घडवताना आधी विचार केला तो तिच्या किमतीचा, सेलचा आणि वापरणाऱ्याच्या अंगठ्याचा. ‘गेम बॉय’ टिकला तो त्यामुळेच.