लॅव्हाझिए यांचा ग्रंथ आणि तंजावरचे सरफोजीराजे

तंजावर : रासायनिक समीकरणाच्या दोन्ही बाजू समान असल्या पाहिजेत, हा विचार रूढ करणारा आंत्वान लॅव्हाझिए यांचा फ्रेंच ग्रंथ येथील सरस्वती महाल ग्रंथालयाच्या दुर्मिळ संग्रहात आहे. नायक राजांच्या काळापासूनच्या या ग्रंथालयाला खरे वैभव दिले ते मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी.

सरफोजींचा जन्म १७७७ मधला. तुळजाजीराजांनी १७८७ मध्ये त्यांना दत्तक घेतले. मात्र त्याच वर्षी राजांचे निधन झाले आणि गादी अमरसिंहांकडे गेली. धर्मोपदेशक श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली तंजावर व मद्रास येथे सरफोजींचे शिक्षण झाले. १७९८ मध्ये ते गादीवर आले. पुढच्याच वर्षीच्या करारान्वये राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांकडे उरले वार्षिक एक लाख पागोडा, महसुलाचा पाचवा हिस्सा आणि किल्ल्यापुरता अधिकार.

या मर्यादित सत्तेत त्यांनी विद्येला आश्रय दिला. युरोपातून ग्रंथ व उपकरणे मागवली, धन्वंतरी महालात वैद्यकाला उत्तेजन दिले आणि देवनागरी छापखाना उभारला. इसापनीतीचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ तेथे १८०६ मध्ये छापले गेले.

लॅव्हाझिए यांचा ग्रंथ १७८९ मध्ये पॅरिसमध्ये प्रथम प्रसिद्ध झाला. साखरेच्या किण्वनात घातलेले पदार्थ आणि तयार झालेले पदार्थ त्यांनी तोलून पाहिले व त्यांचा हिशेब समीकरणासारखा मांडला. अभिक्रियेत द्रव्य नव्याने निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, हे त्याचे सार. शाळेत शिकवला जाणारा द्रव्य अक्षय्यतेचा नियम तो हाच. ४ ग्रॅम हायड्रोजन आणि ३२ ग्रॅम ऑक्सिजन यांच्या संयोगातून ३६ ग्रॅमच पाणी मिळते. म्हणूनच समीकरणात हायड्रोजनचे दोन रेणू, ऑक्सिजनचा एक आणि पाण्याचे दोन रेणू लिहावे लागतात.

सरफोजींसाठी असे ग्रंथ केवळ शोभेचे नव्हते. १८२६ मध्ये त्यांना भेटलेले कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर यांनी, राजे लॅव्हाझिए, लिनियस आदी शास्त्रज्ञांचे दाखले सहजपणे देतात, अशी नोंद केली आहे.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजींचे निधन झाले. पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये पुरुष वारसाविना निवर्तले आणि कंपनीने तंजावरचे राज्य खालसा केले. ग्रंथसंग्रह मात्र टिकला. १९१८ मध्ये तो सार्वजनिक ग्रंथालय म्हणून सर्वांसाठी खुला झाला.