जोसेफ ब्लॅक : उष्णतेचा हिशेब मांडणारा रसायनशास्त्रज्ञ

गरम पाणी आधी गोठते की थंड, हा वाद ॲरिस्टॉटलच्या काळापासून चालत आला आहे. पाणी एकदा उकळले की ते लवकर गोठते, असा समज १८व्या शतकातही रूढ होता. तो प्रयोगाच्या कसोटीवर पारखून पाहिला स्कॉटलंडचे रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी.

ब्लॅक यांचा जन्म १६ एप्रिल १७२८ रोजी फ्रान्समधील बोर्दो येथे झाला. वडील मूळचे बेलफास्टचे, मद्याचे व्यापारी. ग्लासगो विद्यापीठात विल्यम कलन यांच्या हाताखाली त्यांनी रसायनशास्त्राचे धडे गिरवले. १७५४ मध्ये एडिंबरो येथे वैद्यकाची पदवी घेताना त्यांनी 'स्थिर वायू'चे, म्हणजेच आजच्या कार्बन डायऑक्साइडचे गुणधर्म उलगडले.

१७५६ पासून ते ग्लासगो येथे अध्यापन करू लागले. समान वजनाचे बर्फ आणि गोठणबिंदूजवळचे पाणी त्यांनी एकाच दालनात ठेवले. पाण्याला ४० अंश फॅरनहाइटपर्यंत पोहोचण्यास अर्धा तास लागला, बर्फाला मात्र साडेदहा तास. बर्फ वितळताना उष्णता शोषतो, पण तापमापीचा पारा हलत नाही, हे त्यातून सिद्ध झाले. 'अप्रकट उष्म्या'ची ही संकल्पना वाफेच्या इंजिनावर काम करणाऱ्या जेम्स वॅट यांनाही उपयोगी पडली.

१७६६ मध्ये ब्लॅक एडिंबरोला प्राध्यापक झाले. १७७५ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा गोठण्यावरील लेख आला. चार तास उकळलेले पाणी त्यांनी आधी बर्फाने थंड करून साध्या पाण्याच्या तापमानाला आणले. मग दोन्ही पाणी सारख्याच चहाच्या कपांत घालून, कडाक्याच्या थंडीत उत्तरेकडील खिडकीबाहेर ठेवले. उकळलेल्या पाण्यावर बर्फ आधी धरला. साधे पाणी मात्र गोठणबिंदूखाली जाऊनही द्रवच राहिले; ते अधूनमधून ढवळले, तेव्हा तेही गोठू लागले. उकळलेले पाणी निवताना हवा पुन्हा शोषून घेते आणि त्या सूक्ष्म हालचालीने गोठण्यास चालना मिळते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. फरक उष्णतेचा नव्हता, पाण्याच्या स्थिरतेचा होता.

प्रसिद्धीची हाव नसलेल्या ब्लॅक यांनी अप्रकट उष्म्याचा शोध मात्र कधीच छापला नाही. स्वीडनचे योहान विल्के यांनी १७७२ मध्ये स्वतंत्रपणे तोच निष्कर्ष मांडला आणि शोधाच्या श्रेयाचा प्रश्न उभा राहिला. ६ डिसेंबर १७९९ रोजी ब्लॅक यांचे निधन झाले. त्यांची व्याख्याने १८०३ मध्ये जॉन रॉबिसन यांनी ग्रंथरूपात आणली.

१९६० च्या दशकात टांझानियातील विद्यार्थी एरास्टो म्पेंबा यांच्यामुळे हा प्रश्न पुन्हा चर्चेत आला. म्पेंबा यांचे गरम मिश्रण मात्र गरमच गोठवले गेले होते. उकळण्याचा परिणाम आणि गरमपणाचा परिणाम या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे भान ब्लॅक यांनी १७७५ मध्येच राखले होते.