डॉ. झाकीर हुसेन : राष्ट्रपती होण्याआधी बावीस वर्षे जामियाचे उस्ताद

वर्गात आम्ही झाकीर हुसेन हे नाव घेतले की मुले लगेच बाकावर बोटे वाजवायला लागतात. तबल्याचे उस्ताद त्यांना ठाऊक आहेत आणि ती आनंदाचीच गोष्ट आहे. पण त्याच नावाचे आणखी एक उस्ताद होऊन गेले. त्यांच्या हातात तबला नव्हता, खडू होता. एखाद्या मुलाला माहिती असलीच तर तो म्हणतो, भारताचे पहिले मुस्लिम राष्ट्रपती. बरोबर आहे. पण राष्ट्रपतीपद त्यांच्याकडे दोन वर्षेही नव्हते, आणि एक गरीब शाळा त्यांनी बावीस वर्षे सांभाळली. आम्ही शिक्षक आहोत म्हणून असेल, पण आम्हाला ती बावीस वर्षेच मोठी वाटतात.

झाकीर साहेबांचा जन्म 8 फेब्रुवारी 1897 रोजी हैदराबादला झाला. घराणे मूळचे उत्तर प्रदेशातल्या कायमगंजचे, वडील फिदा हुसेन खान हैदराबादेत वकील. ते दहा वर्षांचे असताना वडील वारले. पुढे 1911 मध्ये प्लेगच्या साथीत आईचाही इंतकाल झाला. तोपर्यंत हा मुलगा इटाव्याच्या इस्लामिया हायस्कूलच्या बोर्डिंगात शिकत होता. तिथून तो अलीगढच्या कॉलेजात गेला.

1920 साली असहकार आणि खिलाफत चळवळीचे वारे अलीगढला पोहोचले. सरकारी मदतीवर चालणारे कॉलेज सोडायचे की नाही, असा प्रश्न उभा राहिला. झाकीर साहेब आणि त्यांच्या साथीदारांनी कॉलेज सोडले आणि 29 ऑक्टोबर 1920 रोजी अलीगढमध्येच जामिया मिल्लिया इस्लामिया सुरू झाली. हकीम अजमल खान, मौलाना मोहम्मद अली यांच्यासारखी बुजुर्ग माणसे पाठीशी होती.

1922 मध्ये ते शिकायला जर्मनीला गेले. बर्लिन विद्यापीठातून अर्थशास्त्रात पीएचडी केली. तिथेच त्यांनी गालिबचा दीवान छापून घेतला आणि छापखान्यात खिळे जुळवायला स्वतः बसले. इकडे जामियाचे हाल सुरू झाले होते. 1924 मध्ये तुर्कस्तानात खिलाफत संपली, तसा खिलाफत कमिटीचा पैसाही आटला. जामिया दिल्लीला करोल बागेत भाड्याच्या घरांत आली. बंद करावी की काय, इथपर्यंत बोलणे गेले. ही खबर बर्लिनला पोहोचली, तेव्हा झाकीर साहेब, आबिद हुसेन आणि मोहम्मद मुजीब या तिघांनी ठरवले की परत जाऊन जामियातच काम करायचे. परदेशी पदवी असलेल्या तरुणाला तेव्हा कुठेही चांगली नोकरी मिळाली असती. 1926 मध्ये एकोणतीस वर्षांचे झाकीर साहेब जामियाचे शेख-उल-जामिया, म्हणजे कुलगुरू झाले. पद मोठे होते, पण तिजोरी रिकामी!

1927 च्या डिसेंबरमध्ये हकीम साहेब गेले आणि उरलासुरला आधारही तुटला. तेव्हा जामियाच्या शिक्षकांनी एक अहद केला : वीस वर्षे इथेच शिकवायचे आणि महिन्याला दीडशे रुपयांपेक्षा जास्त घ्यायचे नाही. तेवढेही वेळेवर हातात पडत नसत. झाकीर साहेब स्वतः तर त्याहून कमी घेत. या काळात त्यांच्या घरातल्या चुलीचे काय होत असेल, याचा विचार केला की त्यांच्या बेगम शाहजहाँ बेगम यांनाही सलाम करावासा वाटतो.

एक प्रसंग आम्ही दरवर्षी मुलांना सांगतो. प्राथमिक शाळेचा निकाल लागला होता आणि झाकीर साहेब मुलांना मिठाई वाटत होते. घरी त्यांची लहानगी मुलगी आजारी होती. कोणीतरी येऊन कानात सांगितले की तब्येत फार बिघडली आहे. थोड्या वेळाने पुन्हा निरोप आला की ती गेली. चेहरा उतरला, पण हात थांबला नाही. मुले इतकी खूश होती की त्यांचा आनंद मोडायला त्यांचे मन झाले नाही. पुढे मुलांसाठी गोष्टी लिहिताना त्यांनी याच लेकीचे नाव लेखिका म्हणून वापरले.

1 मार्च 1935 रोजी ओखल्याला जामियाच्या नव्या इमारतीचा पाया घातला गेला. पायाचा दगड कोणा नवाबाने किंवा पुढाऱ्याने नाही, तर जामियाच्या सर्वांत लहान विद्यार्थ्याने बसवला.

आपल्या महाराष्ट्राशीही त्यांचे नाते आहे. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद बोलावली आणि अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्षपद झाकीर साहेबांना दिले. सात वर्षांचे मोफत, सक्तीचे शिक्षण, तेही मातृभाषेतून आणि हाताच्या कामातून, अशी ती नई तालीम होती. मुस्लिम लीगने या योजनेवर कडाडून टीका केली. झाकीर साहेबांनी ती ऐकून घेतली आणि आपले काम चालू ठेवले.

नोव्हेंबर 1946 मध्ये जामियाला पंचवीस वर्षे झाल्याचा जलसा झाला. देश पेटलेला असताना नेहरू आणि जिन्ना दोघेही त्या मंचावर होते. झाकीर साहेबांनी सगळ्यांना एकच विनवले, ही द्वेषाची आग विझवा. पुढच्याच वर्षी ती आग त्यांच्यापर्यंत आली. काश्मीरला जाताना जालंधर स्टेशनवर ते जमावाच्या हाती सापडले. एका शीख कॅप्टनने आणि एका हिंदू रेल्वे अधिकाऱ्याने त्यांचा जीव वाचवला. ते परतले ते जामियातच.

मग 1948 मध्ये अलीगढचे कुलगुरू, 1957 मध्ये बिहारचे राज्यपाल, 1962 मध्ये उपराष्ट्रपती, 1963 मध्ये भारतरत्न आणि 13 मे 1967 रोजी राष्ट्रपती. 3 मे 1969 रोजी त्या पदावर असतानाच त्यांचा इंतकाल झाला. दफन मात्र जामियाच्या आवारात झाले, जिथे त्यांनी उमर घालवली होती.

आज पालक मीटिंगला येतात तेव्हा मुलाने डॉक्टर व्हावे, इंजिनीअर व्हावे असे सांगतात. मास्तर व्हावे असे क्वचितच कोणी म्हणते. आमची तक्रार नाही, महागाई आम्हालाही कळते. पण आपल्या मोहल्ल्यातली एखादी शाळा पैशाअभावी डगमगत असेल, तर तिला इमारतीआधी टिकून राहणारी माणसे लागतात. तुमच्या घरातल्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला शिकवायची आवड दिसली, तर तिला हसू नका. अल्लाह झाकीर साहेबांची मगफिरत करो आणि आपल्या घरांतून असे उस्ताद घडवो. आमीन.