शाहू महाराजांनी शाळांसाठी पैसा कसा उभा केला?

राजर्षी शाहू महाराज म्हटले की सगळ्यांना आरक्षण आठवते. आम्हा शिक्षकांना मात्र त्यांची शाळांसाठीची धडपड आधी आठवते.

26 जून 1874 रोजी कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेले महाराज दत्तक येऊन कोल्हापूरच्या गादीवर बसले. 1894 मध्ये कारभार हाती आला. मुस्लिम मुले तालीमपासून लांब आहेत, हे त्यांना खटकत होते. आधी त्यांनी काही मुले मराठा बोर्डिंगमध्ये ठेवून घेतली. मग 1906 मध्ये शहरातल्या जाणत्या मुस्लिमांना बोलावून मोहामेडन एज्युकेशन सोसायटी काढली आणि स्वतः अध्यक्ष झाले. मुस्लिम बोर्डिंगला दरबारची मदत मिळालीच, शिवाय दर्ग्यांचे उत्पन्नही तिकडे वळवले.

1917 मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. फी माफ झाली, तिजोरी उघडली. पण गावालाही मोकळे सोडले नाही. देवळात, चावडीत, धर्मशाळेत वर्ग भरू लागले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला 1 रुपया दंड होता.

6 मे 1922 रोजी, वयाच्या अवघ्या 47व्या वर्षी ते गेले.

आज अनुदान रखडले की आम्ही सरकारकडे बोट दाखवतो. तो हक्क आहेच, तो सोडायचा नाही. पण वर्गाचे छत गळत असेल, तर मोहल्ल्याचा चंदा आधी कुठे जातो, हेही आपणच आपल्याला विचारायला हवे ना?