संगणकाला नोंदवही वाचायला लावणाऱ्या ग्रेस हॉपर

रुग्णालयाच्या खिडकीवर नाव सांगताच संगणकावर जुनी नोंद उघडते. यामागे चार आज्ञा असतात: फाइल उघड, वाच, लिही, बंद कर. या आज्ञा रोजच्या शब्दांत देता याव्यात, यासाठी ग्रेस हॉपर आयुष्यभर झटल्या.

त्यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. १९३४ मध्ये त्यांनी येल विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट मिळवली. दुसऱ्या महायुद्धात त्यांना नौदलात जायचे होते. पण वय जास्त आणि वजन कमी भरले. खास सवलत घेऊन त्या दाखल झाल्या. १९४४ मध्ये त्यांची नेमणूक हार्वर्डमधील ‘मार्क वन’ या अवाढव्य गणनयंत्रावर झाली.

पुढे त्या युनिव्हॅक संगणकावर काम करू लागल्या. तेव्हा माहिती चुंबकीय फितीवर असे आणि ती वाचण्याच्या सूचना सांकेतिक खुणांत लिहाव्या लागत. हिशेबनिसाला ते कसे जमणार? म्हणून हॉपर यांच्या चमूने ‘फ्लो-मॅटिक’ ही भाषा घडवली. तिच्यात कोणती फाइल वाचायची आणि कोणती तयार करायची, हे सुरुवातीलाच सांगायचे. मग एकेक नोंद वाचायची, लिहायची. नोंदी संपल्यावर काय करायचे, हेही आधीच ठरवून द्यायचे. फाइलमधल्या रकान्यांचे वर्णन कामाच्या सूचनांपासून वेगळे ठेवले होते. १९५९ मध्ये आकाराला येऊ लागलेल्या ‘कोबोल’ भाषेने यातले पुष्कळ उचलले.

यातली ‘बंद कर’ ही आज्ञा क्षुल्लक वाटते. पण लिहिलेली माहिती बरेचदा आधी तात्पुरत्या स्मृतीत थांबते. फाइल बंद होण्याआधीच वीज गेली, तर शेवटच्या नोंदी हरवू शकतात. एटापल्ली, भामरागडहून येणाऱ्या सिकलसेल रुग्णाच्या बाबतीत ते महाग पडते. रक्त कधी चढवले, त्रास झाला होता का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे डॉक्टरला तातडीने कळावे लागते. म्हणून संगणकात नोंद असली, तरी आपले सिकलसेल कार्ड आणि जुने कागद सोबत ठेवावेत.

हॉपर १९८६ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, रिअर ॲडमिरल म्हणून नौदलातून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. यंत्राची भाषा माणसाने शिकण्यापेक्षा माणसाची भाषा यंत्राला समजावी, हा त्यांचा आग्रह आज जगाच्या अंगवळणी पडला आहे.