थेरी पटाचारा : हरपलेलं भान परत मिळवणारी आई

विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहा, असे कार्यकर्त्यांनी मला सुचविले. थोर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सम्राट अशोक येतात, आचार्य नागार्जुन येतात. मी मात्र एका बाईचे चरित्र लिहायला घेतले आहे. ही बाई अडीच हजार वर्षांपूर्वी श्रावस्तीच्या रस्त्यावर उघडीनागडी फिरत होती. लोक तिला वेडी म्हणत, तिच्या अंगावर कचरा आणि ढेकळं फेकत. पुढे हीच बाई भिक्खुणी संघात विनय जाणणाऱ्यांमध्ये अग्र ठरली. तिचे नाव थेरी पटाचारा.

तिचे स्वतःचे बोल थेरीगाथेत आहेत, आणि तिची जीवनकथा धम्मपदाच्या व थेरीगाथेच्या अट्ठकथांमध्ये आहे. अट्ठकथा पुष्कळ नंतर लिहिल्या गेल्या. त्यांतला चमत्काराचा आणि मागच्या जन्माचा भाग मी बाजूला ठेवतो. राहते ती एका आईची कथा, आणि ती आजही आपल्या वस्तीत घडते.

पटाचारा श्रावस्तीच्या एका श्रेष्ठीची मुलगी. माडीवर, पहाऱ्यात वाढलेली. घरातल्याच एका नोकरावर तिचे मन बसले. आईबापांनी तोलामोलाच्या घरी लग्न ठरवले, तेव्हा ती त्या नोकराबरोबर पळून गेली. दूर खेड्यात दोघांनी संसार मांडला. श्रेष्ठीची लेक लाकूडफाटा गोळा करू लागली, पाणी भरू लागली. जातीपातीचा आणि पैशाचा उंबरा ओलांडणारी ही बाई होती, हे आधी लक्षात घ्या.

दिवस राहिले, तशी तिला माहेरची ओढ लागली. नवरा घाबरायचा, आज जाऊ उद्या जाऊ करायचा. शेवटी ती एकटीच निघाली. तो मागून आला, वाटेतच बाळंतपण झाले, दोघे परत फिरले. दुसऱ्या खेपेलाही तसेच. पण या वेळी वाटेत अवकाळी वादळ उठले. कळा सुरू झाल्या. आडोसा करावा म्हणून नवरा फांद्या तोडायला गेला आणि वारुळातला साप चावून तिथेच मेला. इकडे ती बाळंत झाली. दोन्ही पोरांना पोटाखाली घेऊन, हातापायांवर ओणवी राहून तिने ती रात्र पाठीवर पाऊस झेलत काढली. सकाळी नवऱ्याचे प्रेत दिसले.

वाटेत अचिरवती नदी, म्हणजे आजची राप्ती. नदीला पाणी चढलेले. अंगात त्राण नाही, दोन पोरं एकदम नेता येईनात. मोठ्याला अलीकडे ठेवले, तान्ह्याला पलीकडे नेऊन पाल्यावर निजवले आणि ती परत फिरली. मधल्या पाण्यात असताना ससाण्याने तान्ह्यावर झडप घातली. तिने हात वर करून आरडाओरडा केला. अलीकडच्या मोठ्याला वाटले, आई आपल्यालाच बोलावते आहे. तो पाण्यात उतरला आणि वाहून गेला.

तरीही ती श्रावस्तीकडे चालत राहिली. मागे कोणी उरले नव्हते, पण पुढे माहेर होते. वाटेत गावाकडचा माणूस भेटला. त्याने सांगितले की रात्रीच्या पावसात तिच्या बापाचे घर कोसळले, आई, बाप आणि भाऊ तिघे गेले, एकाच चितेवर त्यांना जाळत आहेत, तो बघ धूर. इथे तिचे भान सुटले. अंगावरचे वस्त्र गळून पडले तेही तिला कळले नाही.

या ठिकाणी मी वाचकांना थोडे थांबायला सांगतो. हिला भूत लागले होते काय? देवीचा कोप झाला होता काय? मनावर एवढा घाव बसला तर मन मोडेल की नाही? गिरणीत साच्यावर ताण जास्त आला की धागा तुटतो. धाग्याला कोणी पापी म्हणत नाही. मग माणसालाच का म्हणावे?

फिरत फिरत ती जेतवनात आली. तथागत धम्म सांगत होते. बसलेल्या लोकांनी तिला अडवायला पाहिले. तथागतांनी अडवू दिले नाही. ती जवळ आली तेव्हा त्यांनी तिला भगिनी म्हणून हाक दिली आणि स्मृती सावरायला सांगितले. पाली भाषेत सती म्हणतात ती ही स्मृती. म्हणजे काय, तर आत्ता, या क्षणी मी कुठे आहे, माझ्या अंगात आणि मनात काय चालले आहे, याचे भान. त्या प्रेमाच्या हाकेने तिला पहिल्यांदा आपली स्थिती कळली. ती लाजून खाली बसली. कोणा एका माणसाने आपले पांघरूण तिच्याकडे टाकले. त्या माणसाचे नाव कुठे लिहिलेले नाही, पण या कथेत मला त्याची किंमत फार वाटते.

मग ती बोलली. नवरा, दोन पोरं, आईबाप, भाऊ, सगळं सांगितलं. तथागतांनी ते ऐकून घेतले. मेलेली माणसं परत आणतो असे खोटे आश्वासन दिले नाही. या लांबच लांब संसारात माणसाने गाळलेली आसवे चार समुद्रांच्या पाण्याहूनही जास्त आहेत, तिचे दुःख तिचे एकटीचे नाही, आणि मेलेल्यांचा आधार आता होणार नाही, स्वतःचा मार्ग स्वतः चोखाळावा लागेल, हे त्यांनी तिला समजावले. तिची श्रद्धा तिथे बसली. तिने प्रव्रज्या मागितली आणि ती भिक्खुणी संघात दाखल झाली.

पुष्कळ लोक कथा इथेच संपवतात, जणू बुद्धांनी एक शब्द टाकला आणि बाई बरी झाली. तसे नाही हो! तिच्या स्वतःच्या गाथा वाचा. नांगर धरून, बी पेरून लोक धन मिळवतात, बायकापोरं पोसतात. मग मी शील पाळते, आळस करत नाही, तरी मला शांती का मिळत नाही, अशी तळमळ तिथे आहे. म्हणजे दीक्षेनंतरही झगडा चालूच होता. एके दिवशी पाय धुताना उंचावरून सखल जागी वाहणारे पाणी ती बघत राहिली आणि त्या पाण्यावर तिने मन स्थिर केले, जसा चांगल्या जातीच्या घोड्याला वळण लावतात तसे. अट्ठकथा सांगते की ओतलेले पाणी एकदा थोडे जाऊन जिरले, एकदा त्याहून लांब गेले, एकदा आणखी लांब. तशीच माणसे कोणी लहानपणी, कोणी मधल्या वयात, कोणी म्हातारपणी जातात, हे तिला उमगले. मग ती दिवा घेऊन कोठडीत गेली, बिछान्याकडे पाहिले, खाटेवर बसली आणि सुईने वात खाली ओढली. दिवा विझला तसे तिचे मन मोकळे झाले.

बघा, ज्या पाण्याने तिचा मुलगा नेला त्याच पाण्याकडे ती शांतपणे बघायला शिकली. त्यासाठी मंत्र नव्हता, ताईत नव्हता. रोजची सवय होती. आणि जे भोगले, जे साधले, ते तिने गाथेत बांधले. दुःखाला शब्द दिला की ते दुसऱ्याच्या कामाला येते.

ते आलेही. चंदा नावाची गरीब विधवा, मूलबाळ नाही, सात वर्षे थंडीवाऱ्यात भीक मागत फिरलेली. पटाचारेने तिला दया करून प्रव्रज्या दिली. पोरं गमावलेल्या कितीतरी आयांचा पुत्रशोक तिने उपसून काढला. परंपरा त्यांचा आकडा ५०० सांगते. ज्या बाईवर ढेकळं पडली, तिच्याभोवती दुःखी बायका आसरा घेऊ लागल्या.

आणि ती पारंगत कशात झाली? विनयात, म्हणजे संघाच्या नियमांत. या विनयात वेड लागलेल्यांचाही विचार आहे. भान नसताना घडलेल्या कृत्याचा दोष लागत नाही. गग्ग नावाच्या भिक्खूला वेड लागले होते. उपोसथाला तो कधी येई, कधी विसरे. संघाने त्याला हाकलले नाही, तशी रीतसर संमती दिली. तो बरा झाल्यावर काही भिक्खू जुन्या गोष्टींवरून त्याला टोचू लागले, तेव्हा अमूळ्हविनय हा नियम सांगितला गेला : बरा झालेल्या माणसाला वेडातल्या वागण्याबद्दल पुन्हा धारेवर धरायचे नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा नियम!

आपण काय करतो? १९९८ साली आमच्या खात्यातल्या एका साथीचा तरुण मुलगा गेला. साथी बडबडू लागला, रात्री पाळीला येऊन भिंतीशी बोलायचा. घरच्यांनी आधी देवऋषी केला, अंगारे झाले, मार झाला. पुढे दवाखान्यात नेले, औषध लागू पडले, तो कामावर आला. पण खात्यात त्याचे नाव वेडा पडले ते पडलेच. मी विहारात पंचशील म्हणणारा माणूस, पण डबा खाताना मीही त्याच्यापासून चार हात लांब बसायचो. गग्ग भिक्खूची गोष्ट मी नंतर वाचली आणि मला माझी लाज वाटली.

आज डॉक्टर लोकसुद्धा स्मृतीच्या अभ्यासाकडे वळले आहेत. अमेरिकेत १९७९ साली जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात असा उपक्रम सुरू केला. मार्शा लिनेहान या मानसशास्त्रज्ञ बाईंनी, जीव द्यायला निघालेल्या रुग्णांसाठी जी उपचारपद्धती बसवली, तिच्या मुळाशी सजगता आहे. आपण स्वतः तरुणपणी मनोरुग्णालयात होतो, हे त्यांनी २०११ साली जाहीर सांगितले. पटाचारेचीच वाट ही! मात्र एक गोष्ट बजावून सांगतो. ध्यान म्हणजे औषध बंद करणे नव्हे. डॉक्टरांची गोळी, मनमोकळे बोलणे, रोजचा अभ्यास आणि त्रिशरण, हे एकमेकांचे वैरी नाहीत. मानसिक आरोग्य कायदा २०१७ साली झाला. त्याने रुग्णाला साखळदंड घालण्यास बंदी केली आणि उपचाराचा हक्क दिला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. सरकारची टेलिमानस ही फोनसेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर आहे. हा नंबर विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवावा, अशी माझी सूचना आहे.

आपला विहार केवळ वंदनेपुरता नसावा. उद्या एखादी पटाचारा या दारात आली, तर तिला अडवणाऱ्यांत आपण असू की पांघरूण टाकणाऱ्यांत? वर्धापनदिनी प्रत्येक उपासक-उपासिकेने एवढे स्वतःला विचारावे. आमचा तो साथी आता हयात नाही. त्याच्या शेजारी बसून डबा खायचा राहून गेला, तो मला आता दुसऱ्या कोणाच्या तरी शेजारी बसून खायचा आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!