सावित्रीमाई फुले : आईबापांचीही शिक्षिका



ज्या घरात आईबापांना अक्षरओळख नाही, त्या घरातले मूल शाळेत गेले तरी तेथे टिकणे अवघड जाते. ही गोष्ट क्रांतिबा जोतीराव फुले आणि सावित्रीमाई यांनी फार पूर्वीच ओळखली होती.

सावित्रीमाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. १८४० साली जोतीरावांशी लग्न झाले, तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या शिकल्या त्या सासरी, घरकाम सांभाळून. पुढे त्यांनी अध्यापनाचेही शिक्षण घेतले. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली आणि अक्षरशत्रू म्हणून सासरी आलेली सून मुलींची शिक्षिका झाली.

सनातन्यांना हे सहन झाले नाही. रस्त्यात त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल फेकला जाई. माई दुसरे लुगडे बरोबर नेत, शाळेत ते नेसून शिकवायला उभ्या राहत. १८४९ साली नवराबायकोला घर सोडावे लागले. उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला आणि फातिमा शेख माईंच्या जोडीने शिकवू लागल्या. पुढे महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा निघाल्या.

परंतु मुले शिकली आणि घर अडाणीच राहिले, तर शिक्षणाची किंमत घराला कशी कळणार? म्हणून १८५५ साली फुले दांपत्याने शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रशाळा काढली. दिवसभर राबलेली माणसे रात्री अक्षरे गिरवू लागली. दिवसा लेकरे, रात्री आईबाप, अशी ही शिक्षणाची गाठ होती.

त्याच १८५५ साली फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा निबंध ज्ञानोदयात छापून आला. वेद वाचण्याचा अधिकार आम्हाला नाही, तर मग आमचा धर्म कोणता, असा सवाल तिने केला. शिकलेल्या मुलीने धर्माला विचारलेला हा जाब होता. १०१ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, जोतीरावांना गुरू मानणाऱ्या पूज्य बाबासाहेबांनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर त्याचे उत्तर दिले.

१८९७ साली पुण्यात प्लेग पसरला. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला माईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यांनाही प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. प्रज्ञेला करुणेची जोड असावी ती अशी.

आपण धम्म स्वीकारला. तो वाचून, समजून, पारखून आचरायचा आहे. तेव्हा रोज संध्याकाळी वंदना झाल्यावर अर्धा तास घरात पाटी-पुस्तक काढा. शाळेत जाणाऱ्या मुलीने आईला, आजीला अक्षरे शिकवावीत. आईने लाजू नये; सावित्रीमाईही सून म्हणून आल्यावरच शिकल्या. ज्या दिवशी आई स्वतःच्या हाताने आपले नाव लिहील, त्या दिवशी त्या घरातले लेकरू शाळा सहजासहजी सोडणार नाही.

जयभीम!